दाजी माती तापवतात

मराठवाड्यात उष्णता ही विकत घ्यायची वस्तू नाही. ती फुकट मिळते, घरपोच मिळते आणि नको म्हटलं तरी मिळते. मार्च उजाडला की पत्र्याखालचा माणूस झाडाखाली येतो, झाडाखालचा रसवंतीत जातो आणि रसवंतीवाला 'पंखा नुसत्या झळा मारायलाय' म्हणून रस्त्यावर येऊन उभा राहतो. मे महिन्यात नांदेडला ४३-४४ डिग्री ही बातमी नसते. पारा ३९ वर आला तर मात्र लोक आभाळाकडं संशयानं बघतात. अशा मुलखात एका माणसानं पदरचे पैसे घालून वाळू गरम करायचं यंत्र घरी तयार केलं. हा माणूस माझा दाजी लागतो, त्यामुळं त्याच्याबद्दल लिहायचा अधिकार मला आहे आणि लिहिल्यावर होणारे परिणाम भोगायला ताई आहे.

दाजी माहूरला शाळेत विज्ञान शिकवतात. माहूर म्हणजे सागाचं जंगल, तिन्ही बाजूंनी वळसा घालणारी पैनगंगा, एका डोंगरावर रेणुकामाता आणि पलीकडच्या शिखरावर दत्त. दत्तमहाराज भिक्षेला कोल्हापूरला जातात आणि झोपायला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. देवच जिथं झोपायला येतो तिथं माणसांनी धावपळ करावी असं गावात कुणाला वाटत नाही. दुपारी दुकानात गेलं तर दुकानदार डोळे न उघडता 'आतल्या फळीवर बघा' म्हणतो. मासे पाळायला याहून चांगलं गाव नाही. या छंदात सगळ्यात अवघड काम असतं काहीही न करता बघत बसायचं, आणि ते माहूरकरांना उपजत येतं.

आमच्याकडं फिश टँक दोन कारणांनी घेतात. पहिलं कारण वास्तुदोष. यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे लागतात. काळा मेला की त्यानं घरावरचं संकट स्वतःवर घेतलं असं समजून दुसरा काळा आणायचा, आणि सोनेरी मेला तर दुकानदाराला शिव्या द्यायच्या. दुसरं कारण दवाखाना. दाताच्या डॉक्टरकडं बाकावर बसलेला पेशंट काचेपलीकडच्या माशाला तोंड उघडताना-मिटताना बघतो आणि आतल्या खुर्चीवर आपण काय करायचं आहे याची त्याला आपोआप तालीम मिळते.

दाजींची टाकी या दोन्ही जातींत बसत नाही. ती झाडांची टाकी आहे. मासे नावापुरते. तेही गप्पी, डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं ठिकठिकाणी सोडतं त्यांच्यापैकी. पाहुणे येतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, बराच वेळ बघतात आणि विचारतात, "मासे कुठंयत?" एकदा तर नात्यातल्या एका बाईंनी ताईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "घरात पाण्यात पालक लावायची वेळ आली का गं? जागेचं काही भांडण आहे का?"

हा छंद दाजींच्या घराण्यातलाच. लातूरला असलेल्या त्यांच्या थोरल्या भावाकडंही टाकी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा या भावानं टाकीवर जाड चादर टाकून ठेवली होती. गल्लीत घागरींची रांग लागलेली असताना आपल्या बैठकीत शंभर लिटर पाण्यात मासे पोहतायत हे दिसलं असतं तर गल्लीनं मासे ठेवून भावालाच बाहेर काढलं असतं.

तर वाळू तापवायचं खूळ. याचं मूळ जर्मनीत आहे. कास्पार होर्स्ट आणि होर्स्ट किपर या दोन जर्मन गृहस्थांनी १९८० च्या दशकात 'द ऑप्टिमम अक्वेरियम' नावाचं पुस्तक लिहिलं. डुप्ला ही कंपनी त्यांचीच होती. हे दोघे उष्ण प्रदेशातल्या ओढ्या-नाल्यांतून हिंडले आणि त्यांच्या लक्षात आलं, की जिथं तळातून पाणी पाझरून वर येतं तिथं पाण्यातली झाडं तरारून उठतात. पण काचेच्या टाकीला पाझर कुठून आणणार? मग त्यांनी वाळूच्या खाली तापणारी तार अंथरायची युक्ती काढली. तारेमुळं तळाचं पाणी किंचित तापतं, हलकं होऊन वाळूच्या कणांमधून वर चढतं आणि त्याच्या जागी वरचं गार पाणी खाली उतरतं. हे सगळं इतकं सावकाश चालतं की डोळ्यांना काही दिसत नाही. पण मुळांना बसल्या जागी अन्न मिळतं आणि तळ कुजून सडक्या अंड्याचा वास सुटत नाही. लिटरमागे पाव वॅट पुरतो. मासे आणि पाणी ऊबदार ठेवायला बाजारात काचेच्या नळीतला हीटर मिळतो, त्याचा या भानगडीशी संबंध नाही. तार वाळूसाठी. वाळू झाडासाठी.

"तार वाळूसाठी" हे दोन शब्द दाजींनी माहुरात घरोघर, पारावर, स्टाफरूममध्ये आणि सलूनमध्ये समजावून सांगितले. ते कुणालाही पटले नाहीत. शेजारच्या काकांनी विचारलं, "माशांना थंडी वाजायली का, सर?" दाजी म्हणाले, माशांचा प्रश्न नाही. काका म्हणाले, "मंग अंघोळीच्या बादलीत टाकतो तो रॉड टाका की. पाच मिनटांत काम." पाच मिनिटांत कुणाचं काम होईल हे दाजींनी त्यांना आकृती काढून दाखवलं.

सगळ्यात जास्त दुखावले ते वरच्या आळीतले एक शेतकरी. ते टाकीसमोर बसले, चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, कृषी खातं दरसाल बोंबलून सांगतंय, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, जमिनीची धग निघू द्या. आम्ही धग निघायची वाट बघत आभाळाकडं डोळे लावून बसायचं आन् तुम्ही लाइटबिल भरून धग घालायची?" यावर दाजींकडं शास्त्रीय उत्तर होतं. पण समोरच्या माणसाचं सोयाबीन त्या साली दोनदा पेरून झालेलं होतं, म्हणून ते गप्प राहिले. दाजींना कुठं बोलावं हे कळत नाही. कुठं बोलू नये हे मात्र नेमकं कळतं.

तार बाहेरून मागवावी तर टाकीपेक्षा तार महाग. मग दाजी मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेले. आमच्या भागात डॉक्टर नसलेलं गाव सापडेल, वाइंडिंगवाला नसलेलं सापडणार नाही. दुकानाच्या दारात जळालेल्या मोटारी ओळीनं बसलेल्या असतात, आत वार्निशचा वास आणि भिंतीवर कधीतरी पंढरपूरहून आणलेला विठ्ठल. माहूरचा हा वाइंडिंगवाला मूळचा नदीपलीकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "तार पाण्यात राहीन काय?" हो म्हटल्यावर त्यानं फळीवरून बोअरच्या सबमर्सिबल मोटारीची तार काढली. तांब्याची, वरून प्लास्टिकच्या फितीचे पदर घट्ट गुंडाळलेली. "हे तीनशे फूट खाली पाण्यात बुडून ४१५ व्होल्ट सोसते, सर. तुमच्या फूटभर पाण्याले हे भ्यायची नाही."

जर्मन शास्त्राला मराठवाड्याच्या बोअरनं दिलेलं इतकं चोख उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. पाणी खाली खाली गेलं म्हणून मोटारी खाली गेल्या, मोटारी खाली गेल्या म्हणून ही तार गावोगाव आली.

पुढं हिशेब. तो दाजींनी जुन्या सराव परीक्षेच्या पेपरच्या पाठीवर केला, आणि तो बरोबर होता. तार ०.६ मिलिमीटर जाड. तांब्याच्या अशा तारेचा रोध मीटरमागे ०.०६ ओहम. १२ व्होल्टवर २५ वॅट हवे असतील तर पावणेसहा ओहम रोध लागतो, म्हणजे तार भरते नव्वद मीटरच्या वर. टाकी तीन फुटांची. वाइंडिंगवाल्यानं कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "मंग वाळू कुठं टाकसान?"

तोडगाही त्यानंच काढला. व्होल्ट कमी करा. ६ व्होल्ट धरले तर वीस मीटर तारेत भागतं. रोध सव्वा ओहमच्या आसपास, करंट पाच अँपिअर, उष्णता तीस वॅटच्या आत-बाहेर. टाकीत पाणी १३० लिटर. लिटरमागे पाव वॅटच्या जवळपास! दहावी नापास माणसानं होर्स्ट आणि किपर यांचा आकडा फळीवरच्या उरलेल्या तारेतून काढून दिला. ट्रान्सफॉर्मर त्यानं एका मेलेल्या स्टॅबिलायझरच्या पत्र्यांवर नव्यानं बांधला. मग तारेचं वेटोळं मिठाच्या पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवलं आणि सकाळी मेगर लावून तपासलं. तारेचं वेष्टण कुठं टोचलं गेलं तर तांबं पाण्यात उतरतं, आणि तांबं हे गोगलगायी-झिंग्यांना विष असतं. मिठाच्या बादलीतून पास झालेली तार त्यानं दाजींच्या हातात दिली नाही. स्वतः घरी आला, चप्पल दारात काढली आणि टाकीच्या तळाला प्लास्टिकच्या चिमट्यांत नागमोडी बावीस ओळी बसवल्या. मध्ये एकही जोड नाही. दोन्ही टोकं पाण्याबाहेर. दाजी मदतीला वाकले तर म्हणाला, "सर, तुम्ही शिकवा. हात नका लावू."

इथं एक गंभीर वाक्य लिहून मोकळा होतो. २३० व्होल्टची घरची लाइन टाकीच्या पाण्याजवळ नेऊ नये, ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या एकमेकींपासून अलग असाव्यात, तो टाकीच्या डोक्यावर नव्हे तर बाजूला भिंतीवर असावा, आणि टाकीत हात घालायच्या आधी बटण बंद करावं. हे लिहिलं नाही तर ताई मला घरात घेणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आता वाळू. नांदेड जिल्ह्यात वाळू रात्री हलते. टिप्परचे दिवे बंद असतात आणि पुढं मोटारसायकलवर एक पोरगा तहसीलदारांची गाडी दिसते का ते बघत जातो. अशा जिल्ह्यात दाजी भर दुपारी, तोंडाला काही न बांधता, स्कूटीवर पायांपाशी तांदळाची एक गोणी ठेवून पैनगंगेची वाळू घेऊन आले. रस्त्यात जो भेटला त्याला नमस्कारही केला. हा माणूस लोकांना टिप्परवाल्यांपेक्षा जास्त संशयास्पद वाटला. "कुणाचं बांधकाम, सर?" "माशांचं." संध्याकाळपर्यंत गावात बातमी, की सरांनी तळ्याचं टेंडर घेतलंय.

घरी आल्यावर दाजींनी चिमूटभर वाळू बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. म्हणजे चुनखडी. आमच्या बोअरचं पाणी आधीच इतकं जड की घागरीच्या तळाला पांढरा थर बसतो. त्यात आणखी चुना नको. मग नदीच्या वरच्या अंगाची वाळू आली, तिच्यावर लिंबू, मग आणखी वरची. ताईच्या फ्रिजमधली लिंबं संपली तेव्हा बिनचुन्याची वाळू सापडली. ती धुवायची, चाळायची. भरड वाळू टाकीसाठी, कारण बारीक वाळू दाट बसते आणि तिच्यातून पाणी वर चढत नाही. बारीक वाळू, तीही स्वच्छ धुतलेली, निवडलेली, गच्चीवर घमेल्यात वाळत पडली. तिचा उपयोग काय, हे होर्स्ट आणि किपर यांनी लिहिलेलं नाही.

वाळूच्या खालच्या थरात जर्मन लोक लॅटेराइट घालतात. लॅटेराइट म्हणजे आपला जांभा. त्यातलं लोह मुळांना लागतं. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबानं १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाला ते नाव दिलं. आपला कोकणी माणूस तोपर्यंत पिढ्यान् पिढ्या त्याची घरं बांधून त्यांत भांडतही होता. जर्मनीत हाच दगड चुरा करून डब्यात मिळतो. आमचा मुलूख काळ्या बेसाल्टचा, इथं जांभा नाही. पण बीदरचं पठार जांभ्याचंच, तिथला किल्लाही त्याच्यावरच उभा. दाजी उदगीरकडं एका लग्नाला गेले होते, तिथून पुढं बीदरला गेले आणि रस्त्याच्या कडेचा एक लाल धोंडा पिशवीत घालून आणला. लग्नाहून लोक टॉवेल-टोपी घेऊन येतात. ताईनं पिशवी आधी लाडूची समजून उघडली होती.

धोंड्याचा चुरा करायला घरात एकच साधन होतं, मायचा खलबत्ता. माय म्हणजे दाजींची आई. आम्ही सगळेच तिला माय म्हणतो. माहुरात रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल. मंदिराच्या वाटेवर दिवसभर पानं कुटल्याचा ठकठक आवाज चालू असतो. मायला दात नाहीत, त्यामुळं घरातही रोज तोच कार्यक्रम. दुपारचं जेवण झालं की ती दाराशी पाय पसरून बसते, मांडीजवळ लोखंडी खलबत्ता घेते, पान, कात, सुपारी, बडीशेप घालते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करत कुटते. त्या खलबत्त्याला घरातलं दुसरं कुणी हात लावत नाही. दाजींनी तो रात्री नेला, गच्चीवर जांभा कुटला, पाण्यानं विसळला आणि पहाटे जागच्या जागी ठेवला. तांबूलही लाल, जांभाही लाल. दाजींच्या दृष्टीनं गुन्हा निर्दोष होता.

दुपारी मी तिथंच होतो. मायनं तांबूल तोंडात टाकला, दोनदा जबडा हलवला आणि थांबली. मग जिभेनं काहीतरी गालात ढकललं. "ह्या टायमाचा कात लई कचकच करायलाय गं," ती ताईला म्हणाली. ताईनं खलबत्ता उजेडाकडं तिरका धरला, बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं, मग दाजींच्या नखांकडं बघितलं. नखं लाल. दाजी म्हणाले, "लोहच आहे ते. डॉक्टरांनी तुला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्यात, तू घेत नाहीस."

माय थुंकून आली, तोंड धुऊन आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आसं कर बाबा. मला बी टाकीत लाव. मुळाशी तार घाल. फुटंल एखादा कोंब."

झाडं पुण्याहून कुरिअरनं आली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांत मुख्य क्रिप्टोकोराइन. हिची एक जात आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये दगडांच्या फटीत मजेत वाढते, कुरिअर न करता. या झाडाचा स्वभाव असा, की जागा बदलली की ते पानं सोडतं. पान आधी काचेसारखं आरपार होतं, मग विरघळून जातं. मूळ मात्र जिवंत राहतं आणि काही आठवड्यांनी नवी पानं फुटतात. हे दाजींना माहीत होतं. घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तार चालू केल्यावर आठवड्यात सगळी पानं वितळली, तेव्हा समाचाराला माणसं आली. "उकडली," असं सगळ्यांचं एकमत झालं. वाइंडिंगवाला स्वतः थर्मामीटर बघून गेला. वाळू पाण्यापेक्षा जेमतेम दीड-दोन डिग्री गरम होती. तरी तो जाताना ताईला हळूच म्हणाला, "वैनी, मी सरले सांगतलं होतं, तीस वॅट हे तीस वॅट असते."

थंडीत तार रंगात आली. डिसेंबर-जानेवारीत माहूरच्या डोंगरावर रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि मातीला ऊब द्यायला काहीतरी अर्थ येतो. पण एक नवीच गोष्ट उघडकीला आली. व्होल्टेज. आमच्याकडं २३० व्होल्ट हा आकडा पुस्तकात असतो. कृषिपंपांना ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा विचारात पडल्यागत फिरतो. व्होल्टेज १८० वर आलं की तारेची ताकद नुसती पाऊण होत नाही. ती व्होल्टच्या वर्गानं पडते, तीस वॅटचे अठरा होतात. पहाटे मोटारी बंद पडल्या की व्होल्टेज २५० कडं जातं आणि तेच पस्तीस होतात. दाजी वाळूत खोचलेल्या थर्मामीटरकडं बघून सांगू लागले, "नदीकाठच्या मोटारी सुरू झाल्या," "आता बंद झाल्या," "आज एक फ्यूज गेलाय बहुतेक." हे सगळं खरं निघायचं. लोक आता विचारायला येऊ लागले, की लाइट कधी येणार? माशांबद्दल कुणी काही विचारत नसे, पण टाकीसमोर गर्दी असायची.

लाइट पूर्ण गेली की तार इन्व्हर्टरवर घ्यावी, असा प्रस्ताव दाजींनी मांडला. ताई म्हणाली, "वाळूला गार लागलं तर तिच्यावर शाल पांघरा."

संक्रांत झाल्यावर आम्ही सगळे उनकेश्वरला गेलो. हे किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. जुनं दगडी मंदिर आणि गरम पाण्याची कुंडं. शरभंग ऋषींना कुष्ठ झालं होतं, रामानं बाण मारून जमिनीतून गरम पाणी काढलं आणि ऋषी बरे झाले, अशी कथा इथं सांगतात. आजही कातडीच्या दुखण्यासाठी लोक लांबून येऊन राहतात. मायला तिथं गुडघ्यांसाठी जायचं होतं. दाजींना तळ बघायला जायचं होतं.

बाकीचे लोक कुंडाला हात जोडत होते. दाजी काठावर पालथे पडून पाण्यात दोरीनं थर्मामीटर सोडत होते. "बघ," ते मला म्हणाले, "खालून गरम, वरती येतंय, काठाला गार होऊन परत खाली. अरे, ते दोघे कुठं कुठं हिंडले! माहूरला एसटीनं आले असते तर पुस्तक निम्म्यात संपलं असतं." पलीकडं अंघोळ करून अंग पुसणारा एक गृहस्थ हे बराच वेळ बघत होता. तो जवळ आला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, रिपोर्ट चांगलाच लिवा. गरिबांचं ठिकाण हाय." दाजींनी त्याला आपण सरकारी नसल्याचं सांगितलं. त्यावर तो आणखीच अदबीनं वागू लागला, आणि निघताना त्यानं आमच्या गाडीत हरभऱ्याच्या ढाळ्याची पेंढी ठेवली.

माय मात्र पाण्यात पाय सोडून डोळे मिटून बसली होती. उठायला तयार नव्हती. परत येताना म्हणाली, "गुडघं सा म्हैन्यांत पैल्यांदा गप बसलेत. असं रोज मिळालं पायजे." दाजी पुढच्या सीटवर बसून कागदावर तारेचा हिशेब करत होते. त्यांनी ऐकलं नाही.

उन्हाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. जर्मनीत घरात वीस डिग्री असतात आणि टाकीत पंचवीस ठेवायचे असतात, म्हणून तिथं तारेला बारमाही नोकरी आहे. माहुरात एप्रिलमध्ये टाकीचं पाणी आपलं आपण ३३ वर गेलं. बटण बंद करून त्यावर दाजींनी चिकटपट्टी लावली, 'दिवाळीपर्यंत'. बावीस ओळींची तार वाळूखाली निवांत पडून राहिली आणि वर दाजी टाकीवर टेबलफॅन लावणं, टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळणं, बर्फाच्या बाटल्या तरंगवणं हे सगळं करू लागले. दोन महिने मातीला ऊब आणि चार महिने पाण्याला गारवा, असा हा संसार. क्रिप्टोकोराइन मात्र दाट झाली. ती तारेमुळं, जांभ्यामुळं, की कुणी तिच्याकडं लक्ष न दिल्यामुळं, हे सांगता येत नाही. पुढं जगभरच्या हौशी लोकांनी तार न घालताही तितक्याच देखण्या टाक्या फुलवल्या आणि डुप्लाच्या युक्तीचा बोलबाला ओसरला, हे मी दाजींना एकदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांच्याकडं बोअरची तार नव्हती."

आषाढ लागला, झड सुरू झाली, आणि दाजींच्या लक्षात आलं की गच्चीच्या जिन्यातली वाळू कमी होतेय. ती बारीक, धुतलेली, निवडलेली. पावसापूर्वी त्यांनी घमेलं जिन्याखाली आणून ठेवलं होतं. घमेलं शिगोशीग होतं, आता काठाच्या खाली उतरलं होतं. दाजींनी खडूनं आत रेघ मारली. दोन दिवसांनी वाळू रेघेच्याही खाली. ताईला विचारलं, तिनं नुसतं बघितलं. शेजारच्या पोराला विचारलं, तो रडला. मला नांदेडला फोन. "पैनगंगेतून चोरतात ते ठीक आहे," दाजी म्हणाले, "पण घरातल्या जिन्यातून उपसा?"

पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा बाहेर संततधार होती. चोर स्वयंपाकघरात सापडला. माय गॅससमोर पाटावर बसली होती. लोखंडी तव्यावर बारीक वाळू पसरलेली, ती उलथन्यानं हलवत होती. हलवता हलवता तळहात वाळूवर धरून धग बघत होती. मग तिनं जुन्या धोतराच्या तुकड्यात वाळू ओतली, पुरचुंडी बांधली आणि डाव्या गुडघ्यावर ठेवून हूं म्हणाली. तव्यावर दुसऱ्या गुडघ्याची वाळू तापतच होती. जुन्या पुरचुंड्या गॅसमागं ओळीनं ठेवलेल्या, काही फाटून वाळू सांडलेली.

दाजी दारात उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत येऊन वाकून तव्याकडं बघत त्यांनी विचारलं, "किती डिग्री असंल?"

"पोळायच्या जरा आलीकडं," माय म्हणाली. तिनं पुरचुंडी उजव्या गुडघ्यावर घेतली. "वाळू लई झ्याक हाय रं तुझी. चुना न्हाई, माती न्हाई. फकस्त पुढच्या खेपंला आणखी बारीक चाळून आण. हिच्यातला एखादा खडा आजून टोचायलाय."